पुराआधी विमा कसा काढायचा आणि पुरानंतर तो पदरात कसा पाडून घ्यायचा

कोल्हापूर-सांगलीला २००५ ला पूर आला तेव्हा सगळे म्हणाले आता असा पूर परत दिसायचा नाही, मग २०१९ आला, आणि त्याची घाण धुवून होतेय तोवर २०२१. त्याच २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर सीना नदीने सोलापूर-धाराशिव भागात जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय, आणि तो दुष्काळी पट्टा म्हणून ओळखला जातो! हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि मग महिन्याचा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळतो, त्यामुळे "आमच्याकडे कधी पाणी येत नाही" हे वाक्य आता कुणीच बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की आपल्याकडे गाडीचा विमा सक्तीचा म्हणून काढतात, आरोग्याचाही आता बरेच जण काढतात, पण घर आणि दुकान, जिथे आयुष्याची सगळी कमाई अडकलेली असते, ते तसंच उघडं सोडलेलं असतं. सरकार देईल म्हणावं तर २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये धरले होते. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, ती मदत घ्यावी, हक्काची आहे, पण त्यात एक खोली सुद्धा बांधून होत नाही.

आधी घराचं बघू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने म्हणजे इर्डाने सगळ्या कंपन्यांना एकसारखी पॉलिसी द्यायला लावलीय, तिचं नाव भारत गृह रक्षा. हे नाव पाठ करा आणि एजंटकडे नावाने मागा, कारण आगीचा विमा, होम शील्ड अशी दहा नावं ऐकून माणूस गोंधळतो. हिच्यात आग, पूर, पाणी साचणं, वादळ, भूकंप, दरड कोसळणं हे सगळं एकत्र येतं. आणि घर पाण्यात गेल्यावर माणसं दुसरीकडे जातात तेव्हा मागे चोऱ्या होतात ना, तर नुकसान झाल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेली चोरी पण यात धरतात, हे खूप लोकांना माहीतच नसतं. कंपाऊंड वॉल, गेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, छतावरचं सोलर, परसातला बायोगॅस हे सुद्धा इमारतीत मोजता येतं. सोलर बसवलं असेल तर त्याची किंमत रकमेत धरायला विसरू नका, दीड-दोन लाखाचं पॅनल वाऱ्याने उडालं तर बसायचं कुठं.

आता रक्कम किती टाकायची, कारण सगळा घोळ इथेच होतो. घराची बाजारातली किंमत टाकायची नाही. जमीन पुरात वाहून जात नाही, तिचा विमा होत नाही, विमा होतो बांधकामाचा. म्हणजे आज हेच घर परत बांधायला तुमच्या गावात जो दर चाललाय तो गुणिले कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. गवंड्याला नाहीतर कॉन्ट्रॅक्टरला विचारा, वीस वर्षांपूर्वी किती खर्च आला ते विसरून जा. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं, त्यापेक्षा जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवून घ्यायचं. दागिने मात्र त्यात येत नाहीत, त्यांचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि रोख पैसे धरतच नाहीत. पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंतची मिळते आणि लांब मुदतीची घेतली तर विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, सिमेंट-स्टीलचे भाव बघता हे फार उपयोगाचं आहे. प्रीमियम कंपनीनुसार बदलतो, दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या, पण साध्या घराचा वर्षाचा प्रीमियम बहुतेक वेळा चारचाकीच्या विम्यापेक्षा कमीच निघतो.

फॉर्म भरताना खरं लिहा. भिंती मातीच्या असतील तर मातीच्या, कौलं असतील तर कौलं, पत्रा असेल तर पत्रा, आणि आधी पाणी आलेलं असेल तर तेही लिहा. एजंट म्हणेल कशाला सांगता, पण तो पुराच्या वेळी तुमच्याबरोबर उभा राहणार नाही, फॉर्मवर सही तुमची आहे. कोकणातलं घर महिनोन्महिने बंद असतं आणि मालक मुंबईला, अशांनी कंपनीला आधीच ईमेल करून कळवायचं आणि आलेलं उत्तर जपून ठेवायचं.

बँकेचं कर्ज असेल तर बँकेने विमा काढलेला असतो, पण तो बघितलाय का कधी? बऱ्याचदा तो फक्त कर्जाच्या रकमेएवढा असतो नाहीतर फक्त इमारतीचा असतो, सामान त्यात नसतंच. बँकेत जाऊन कॉपी मागा, ती देणं त्यांचं काम आहे.

दुकानदारांनो, तुमचं प्रकरण जास्त नाजूक आहे म्हणून इथे जरा थांबून वाचा. तुमच्यासाठीची पॉलिसी म्हणजे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ही. घराच्या पॉलिसीत रक्कम थोडी कमी टाकली तरी त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत, पण दुकानाला कापतात! फक्त १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे. समजा दुकानात माल आहे २० लाखांचा, प्रीमियम वाचवायला तुम्ही विमा काढला १० लाखांचा, आणि पाण्यात गेला ६ लाखांचा माल. तुम्हाला वाटतं ६ लाख १० च्या आत आहेत म्हणजे पूर्ण मिळतील, पण कंपनी म्हणते विमा निम्म्याचाच होता म्हणून ३ लाख घ्या. व्यापाऱ्याचं कंबरडं मोडतं ते इथे. गणपती-दिवाळीच्या आधी माल भरता तेव्हा पावसाळा चालूच असतो, त्यामुळे वर्षातला सगळ्यात जास्त माल किती असतो तो आकडा टाका, सरासरीचा टाकू नका.

दुसरं म्हणजे पत्ता. पॉलिसीवर दुकानाचा पत्ता आणि माल मागच्या गल्लीतल्या गोडाऊनमध्ये, असं असेल तर गोडाऊनमधल्या मालाला एक रुपया मिळत नाही. प्रत्येक जागा वेगळी लिहून घ्या, तळघर असेल तर तेही स्पष्ट लिहा. कॅश क्रेडिट म्हणजे मालावर बँकेचं कर्ज असलेल्यांची पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून असते आणि मालकाने ती कधी उघडलेली नसते, यंदा मे महिन्यात ती उघडा.

गाडीचं थोडक्यात: नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही, ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणारी पॉलिसी पाहिजे आणि सोबत इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, अजिबात नाही, स्टार्टर मारला की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि कंपनी त्याला तुमची चूक म्हणते. टोइंगला फोन करा आणि तशीच उचलून न्या.

मे महिन्यात अजून एक काम करा, अर्ध्या दिवसाचं आहे. मोबाईलवर घराचा किंवा दुकानाचा सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक कपाट उघडून, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागचं मॉडेल नंबरचं लेबल दिसेल असं, सोलरचा इन्व्हर्टर, मिक्सरपर्यंत सगळं, आणि तोंडाने बोलत जा काय आहे कधी घेतलं. बिलांचे फोटो, पॉलिसीची पीडीएफ, स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्न, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट हे सगळं ड्राइव्हवर टाका आणि गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पण पाठवून ठेवा, कारण पुरात कागद आणि फोन दोन्ही जातात. त्याच वेळी तुमची निळी आणि लाल पूररेषा पण बघून घ्या, जलसंपदा खातं ती आखतं, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणारा. पण निव्वळ रेषेबाहेर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या रेषा जुन्या पावसावर काढलेल्या असतात आणि पाऊस आता तो राहिला नाही. आणि हे सगळं जूनच्या आधी उरकायचं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा लागल्यावर नाहीतर सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी वाढायला लागल्यावर विमा द्यायला कोण तयार होईल?

पाणी ओसरलं, आता क्लेम. सगळ्यात आधी झाडू उचलायचा नाही, फोन उचलायचा. कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा ॲपवर कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या, लगेच तो नंबर लिहून कंपनीला एक ईमेल पण टाका म्हणजे तारीख-वेळ पक्की होते. मग फोटो: भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ती, त्या रेघेला टेप लावून, आणि एक फोटो असा ज्यात दुकानाची पाटी आणि पाणी एकत्र दिसतंय. चिखलात लडबडलेला माल फेकून द्यायची घाई असते, वास येतो, नगरपालिकावाले ट्रॅक्टर घेऊन दारात उभे असतात, ते मला कळतं. पण सर्वेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो माणूस, येईपर्यंत शक्य तेवढं थांबवा, आणि थांबणं शक्यच नसेल, धान्य-औषधं सडत असतील, तर कंपनीला ईमेलने कळवून, मोजून, यादी करून, व्हिडिओ काढूनच फेका. थोडासा नमुना बाजूला ठेवा. तलाठी पंचनाम्याला आले की त्याची प्रत मागा, तो सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचा सर्व्हे वेगळा असतो, एक झाला म्हणजे दुसरा झाला असं समजू नका, पण पंचनामा विम्याला पुरावा म्हणून चालतो.

इर्डाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्वेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय. मोठ्या पुरात हे पुढे-मागे होतं, पण नियम माहीत असला की आवाज चढवायला जोर येतो. सर्वेअरशी भांडू नका, त्याला यादी तयार करून द्या, वस्तू-नग-खरेदीची किंमत-बिल आहे का नाही, अशी. आणि "ऑन अकाउंट पेमेंट" मागा, म्हणजे अंतिम हिशोब व्हायच्या आधी काही रक्कम हातात, दुकान परत उघडायला तीच कामाला येते. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

क्लेम नाकारला किंवा कापला तर कारण लेखी घ्या. कागद नाहीत एवढ्या कारणावर क्लेम फेटाळता येत नाही, हेही २०२४ च्याच नियमात आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ ला फोन करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईला आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, एकट्या मालकीचं दुकान आणि सूक्ष्म उद्योग पण चालतात. कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं.

आता शेवटचा भाग, जो बहुतेक लोक वाचणार नाहीत पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विमा कंपनी पण स्वतःचा विमा काढते, मुंबईची जीआयसी री, म्युनिकची म्युनिक री, झुरिकची स्विस री यांच्याकडे. म्हणजे जगात कुठेही वादळं-वणवे वाढले की त्याची झळ फिरून आपल्या प्रीमियमला लागते. आणि धोका हाताबाहेर गेला की कंपन्या काय करतात ते अमेरिकेत दिसलं, २०२३ च्या मे महिन्यात स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात घरांच्या नवीन पॉलिसी देणं थांबवलं, वणव्यांचा धोका आणि वाढलेला बांधकाम खर्च म्हणून. हे आपल्या नदीकाठच्या पेठांत होऊ द्यायचं नसेल तर कंपन्यांनी नुसते दर वाढवून चालणार नाही, धोका कमी करायला पैसा आणि डोकं दोन्ही लावलं पाहिजे. करता येतं ते. कष्टकरी बायांची 'सेवा' (SEWA) नावाची संघटना आहे, तिच्या बायांसाठी उन्हाचा विमा निघाला, २०२४ ला गुजरात-राजस्थान-महाराष्ट्रातल्या ५० हजार बायांना त्यात घेतलं, तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की पैसे थेट खात्यात, सर्वेअर नाही की पंचनामा नाही. अलियान्झने, जी पुण्याच्या बजाजबरोबर कितीतरी वर्षं होती, २०१८ मध्ये एकेकट्या कोळसा वीजप्रकल्पांना विमा देणं बंद केलं. कोळशाच्या धुराने पाऊस बिघडवायचा, त्याच कोळशाला विमा द्यायचा आणि वर पूरग्रस्ताचा प्रीमियम वाढवायचा, हे चालू देऊ नये.

म्हणून रिन्युअलच्या वेळी एक ईमेल टाकाच, आणि सोसायटी किंवा व्यापारी असोसिएशन असेल तर सगळ्यांनी मिळून टाका, तीस दुकानं एकत्र कोटेशन मागतात तेव्हा कंपनी ऐकते. ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा: जोतं उंच केलं, मीटर आणि स्विचबोर्ड वर घेतले, दाराला पाणी अडवायची फळी बसवली, तर प्रीमियममध्ये किती सूट देता, क्लेमनंतर जुनं होतं तसंच बांधायला पैसे देता का पुराला टिकेल असं बांधायला पण देता, आणि आमच्या भागासाठी नदीच्या पातळीवर थेट पैसे देणारी पॉलिसी आहे का, नसेल तर कधी आणताय. उत्तर आलं की ते पुढच्या वर्षीच्या कोटेशनला जोडा आणि दुसऱ्या कंपनीला दाखवा.