पाच गाड्या, दोन घाट, दोन जंगलजेट्ट्या: दोस्तांबरोबर कोकणात जायचं तर

दोस्तांनी गाड्या काढून कोकणात जायचं म्हटलं की पहिला वाद कुठली गाडी भारी यावर होतो. तो कोल्हापुरातच, रंकाळ्यावर भेळ खातानाच मिटवून टाका. रस्त्यावर ग्रुपचा वेग ठरवतो तो सगळ्यात सावकाश चालवणारा गडी, आणि बेत त्याच्या अंगानं आखला तरच ट्रिप सुखाची होते. मी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस. माप जुळलं नाही तर मला चैन पडत नाही, म्हणून बेत, पाने आणि हिशोब ही तिन्ही खाती माझ्याकडेच असतात. आमच्यात एक स्प्लेंडर, एक पल्सर 150, दोन क्लासिक 350 आणि एक जुनी 411 ची हिमालयन. माणसांना आम्ही गाडीच्या नावानंच हाक मारतो, तेच इथंही चालवतो.

रस्ता तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा, रत्नागिरी आणि तिथून आरे-वारेच्या समुद्रकडेनं गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी जयगडला जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, खाडी ओलांडून तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, धोपाव्याला दुसरी जंगलजेट्टी, पलीकडं दाभोळ आणि मुक्काम दापोली. तिसऱ्या दिवशी खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड आणि हायवेनं घर. चढायचा घाट वेगळा, उतरायचा वेगळा, आलेल्या वाटेनं परत जायचं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसात आंबा घाट देखणा दिसतो हे खरं, पण दरडीचे दगड आणि धुकं बघायला पाचजणांनी एकदम जायची गरज नाही. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी निघतात, तेव्हा मुंबई-गोवा हायवेवर पाय टेकत टेकत जावं लागतं. अंगारकी असेल तर गणपतीपुळ्यात मुक्काम सोडाच, गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील.

आता वेळेचं गणित, कारण सगळे इथंच फसतात. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण 130 किलोमीटर. एकटा माणूस तीन-साडेतीन तासांत जातो म्हणून पाचजणही तेवढ्यातच जातील असं कुणी धरू नये. एकाला चहा हवा असतो, दुसऱ्याला लघवीला जायचं असतं, तिसऱ्याचं हेल्मेट काढून पुन्हा घालेपर्यंत चौथा फोनवर बोलत लांब गेलेला असतो. दहा मिनिटांचा थांबा अर्ध्या तासाचा होतो. म्हणून घाट-वळणांच्या रस्त्याला ग्रुपची सरासरी ताशी 35 च धरा आणि थांबे आधी ठरवा. आमचे ठरलेले आहेत: मलकापूरला नाश्ता, आंब्याला पाच मिनिटं पाय मोकळे करायला, साखरप्याला चहा. मिसळ खाऊन निघायचा हट्ट असतो, पण तर्रीवर तर्री घेतलेला माणूस घाटात पेंगतो. मिसळ आदल्या दिवशी खा.

पेट्रोलच्या बाबतीत बहुतेकजण लहान टाकीवाल्याची काळजी करतात. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची, क्लासिकची 13, पल्सर आणि हिमालयनची 15. पण स्प्लेंडर लिटरला 55 च्या आसपास सहज देते, म्हणजे पाचशेवर जाते. क्लासिक 33 नं धरली तर सव्वाचारशे, हिमालयन 30 नं साडेचारशे. मागं माणूस, सामान आणि घाट आला की हे आकडे आणखी उतरतात. तेव्हा टाकीच्या मापावर जाऊ नका, कुणाची गाडी किती किलोमीटरनं कोरडी पडते ते लिहून काढा आणि त्यातल्या सगळ्यात लहान आकड्याच्या निम्म्यावर सगळ्यांनी एकदम पंपावर थांबा. रत्नागिरी सोडताना सगळ्यांच्या टाक्या भरून घ्यायच्या, कुणी कितीही ‘माझ्यात आहे रे’ म्हणालं तरी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला निदान रिझर्व्हचा नॉब असतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो नाही, शिवाय तिचा पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो, म्हणून ती कोरडी होईपर्यंत पळवू नये.

पंक्चरचंही गाडीगणिक बदलतं. पल्सरला ट्यूबलेस टायर, दोरी भरण्याचं किट आणि छोटा पंप असला की रस्त्यावरच काम होतं. आमच्या दोन्ही क्लासिक तारांच्या चाकांच्या, स्प्लेंडर आणि हिमालयनमध्येही ट्यूब. तिथं चाक उतरवून टायर काढावा लागतो. पंक्चरवाला कोकणातही भेटतो, पण त्याच्याकडं तुमच्या मापाची ट्यूब असेल असं नाही. हिमालयनचं पुढचं चाक 21 इंची. ती ट्यूब घरूनच घेऊन निघा. एक्सलच्या नटाला बसणारा पानाही प्रत्येकानं आपापला घ्यायचा. पाच गाड्यांत एक पाना पुरेल असं म्हणणाऱ्यानं कधी चाक काढलेलं नसतं.

क्लच वायरची युक्ती सांगतो, उद्यमनगरातला कुठलाही जुना मिस्त्री हीच सांगेल. नवी वायर डिकीत ठेवू नका. जुन्या वायरीच्या कडेनं, तिच्याच वाटेनं ओढून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाका, दोन्ही टोकांना थोडं ऑइल देऊन पिशवी गुंडाळा. घाटात जुनी तुटली तर टाकी न हलवता फक्त टोकं बदलायची. याशिवाय फ्यूज, स्पार्क प्लग, इन्सुलेशन टेप, बाईंडिंगची तार आणि चेनला लावायचं 90 नंबरचं ऑइल एवढं सगळ्यांत मिळून एकाकडं पुरतं. चेन फार ताणू नका. मागं माणूस बसला की ती आणखी ताणली जाते. टायरमध्ये हवा किती भरायची, ते चेनकव्हरवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. मागं माणूस असतानाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. सर्व्हिसिंग निघण्याच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. गॅरेजमधून बाहेर आलेल्या गाडीचे दोष पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये कळतात, ते गावातच कळलेले बरे.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवली तरी चालतात, पण घाटात नेटवर्क नसतं आणि फोनची बॅटरी संपते. लायसन्स खिशात ठेवा. पीयूसी आणि विम्याची तारीख आधी बघा. मागच्यालाही हेल्मेट, तेही आयएसआयचं. यावर आमच्यात चर्चा होत नाही.

आता चालवण्याची गोष्ट. पुढं एक माणूस, शेवटी एक माणूस, आणि ही दोन नावं दिवसभर बदलायची नाहीत. पुढं रस्ता माहीत असलेला आणि डोकं शांत असलेला. शेवटी सगळ्यात अनुभवी, कारण मागं राहून आधी कुणाची गाडी बिघडते, कोण थकलाय हे त्यालाच दिसतं आणि तोच थांबतो. आमच्यात हे काम पल्सर करतो. सगळ्यात सावकाश माणसाला पुढच्याच्या लगेच मागं घ्या. तो मध्ये किंवा शेवटी गेला की गाठायच्या नादात वळणावर वेग वाढवतो. स्प्लेंडर दुसऱ्या नंबरला लावल्यापासून क्लासिकवाले कुरकुरतात, पण पोचतात सगळे एकदम.

एकमेकांना डोळ्यांपुढं ठेवायच्या भानगडीत पडू नका. घाटात ते जमत नाही आणि जमवायला गेलं की ओव्हरटेक चुकीचे होतात. त्याऐवजी ज्या फाट्यावर शंका येईल तिथं पुढच्याच्या मागं असलेली गाडी कडेला सुरक्षित जागी थांबते आणि बाकीच्यांना हातानं वाट दाखवते. शेवटचा माणूस आला की ती त्याच्या पुढं घुसते. पुढच्या फाट्यावर आता जो दुसरा असेल तो थांबतो. चौथ्या फाट्यापर्यंत सगळ्यांची पाळी होऊन जाते आणि स्प्लेंडर पुन्हा दुसऱ्या नंबरला येतो. आंब्याजवळ विशाळगडाकडं जाणारा फाटा, साखरप्याला देवरुखचा फाटा, हातखंब्याचा तिठा आणि रत्नागिरीतून शिरगावकडं बाहेर पडायची जागा, या चार ठिकाणी ही पद्धत हटकून लावा. मॅप लावलेला प्रत्येकजण वेगळ्या रस्त्यानं जातो, हे आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘कुठं आहेस’ने शिकवलंय.

सरळ रस्त्यावर तिरप्या रांगेत चाला, एक डावीकडं, पुढचा थोडा उजवीकडं, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. वळणं सुरू झाली की एकामागं एक. आंबा उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय कुणाला असेल तर ती आधीच मोडा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्प्लेंडरचे ड्रम ब्रेक सारखे दाबले तर तापतात आणि मग नीट लागत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आरे-वारेला समुद्र दिसला की सगळ्यांना फोटो हवा असतो. वळणावर गाड्या लावू नका, वर मोकळी जागा आहे तिथं लावा. खाली रस्त्यावर वाळू उडून येते, तिच्यावर पुढचा ब्रेक नको. आणि गाडी पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूत, घालायची हौस असेल तर ती दुसऱ्याच्या गाडीवरही भागवू नका. खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की राहतंच.

जंगलजेट्टी म्हणजे बस, ट्रक, मोटारी, गाड्या सगळं एकत्र वाहून नेणारी फेरीबोट. जयगड-तवसाळ शास्त्रीच्या खाडीवर, धोपावे-दाभोळ वाशिष्ठीच्या. दुसरी नसती तर गुहागरहून दापोलीला चिपळूण-खेड असा वळसा पडला असता. शेवटची बोट कधी, ते त्या दिवशी सकाळीच विचारून घ्या. चढताना उताराचा लोखंडी पत्रा ओला आणि बुळबुळीत असतो. पहिला गिअर, हँडल सरळ, दोन्ही पाय खाली सोडायच्या तयारीत, आणि मागच्या माणसाला आधीच उतरवून चालत पाठवा. आत गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करा, स्टँडवर लावा आणि बोट टेकेपर्यंत तिच्यापाशीच उभे राहा. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे कठड्याला पळतात, तेव्हा एकानं गाड्यांजवळ थांबायचं.

जेवणाबद्दल एकच. तिथं तांबडा-पांढरा मागून हॉटेलवाल्याला त्रास देऊ नका. मासे, सोलकढी, घरगुती खानावळीत आधी सांगून केलेले मोदक, एवढं पुष्कळ झालं. दुपारी पोटभर भात खाल्ला तर तासभर झाडाखाली पडा, मगच गाडीला किक मारा.

पैशाला एक खजिनदार ठेवा. निघायच्या आधी सगळ्यांकडून सारखी कॉन्ट्री काढायची, त्यातून खाणं, मुक्काम, बोटीचं तिकीट. पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती ज्याची त्याची. स्प्लेंडरवाला म्हणेल माझं पेट्रोल कमी लागतं, क्लासिकवाला म्हणेल सगळं एकत्र धरूया. ऐकू नका. मागं बसून येणाऱ्यानं निम्मं पेट्रोल द्यायचं, हे मात्र आधी तोंडावर सांगा.

तिसरा दिवस सगळ्यात जपून. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर, त्यात पोफळीपासून कुंभार्ली चढायचा. ट्रक असतात, माकडं मध्ये येतात, सकाळी धुकं. कोयनानगरला चहा घेतला की अंगातली कोकणची सुस्ती उतरते. खरा धोका कराडनंतर, कारण रस्ता मोठा, घर जवळ आणि दोन दिवस स्प्लेंडरमागं चालून क्लासिकवाले कावलेले. तिथं ग्रुप मोडून टाका. कराडला हिशोब करा, उरलेले पैसे वाटा आणि ज्याला जसं जायचं तसं जाऊ द्या, घरी पोचल्यावर ग्रुपवर नुसतं ‘पोचलो’ टाकायचं. शेवटच्याचं आलं की मी हेल्मेट धुवायला काढतो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्यानं खालून धुवून घ्या, इंजिन थंड असताना. चेन पुसून ऑइल द्या. ओ-रिंगची चेन पेट्रोलनं धुऊ नका, रबरं खराब होतात. तारांच्या चाकांना गंज धरतोय का बघा. आणि स्प्लेंडरचे मागचे ब्रेक शू बघाच. दोन घाटांनंतर ते बहुतेक बदलायला आलेले असतात, आणि तो स्वतःहून कधी बघत नाही.