सुतारकामातला भुसा आणि तुकडे: विल्हेवाट कशी लावावी, विकावे कुणाला

संध्याकाळी वर्कशॉप झाडलं की सगळ्याचा एकच ढीग होतो. सागवानाचा भुसा, प्लायचा भुसा, रंध्याच्या कुरळ्या ढलप्या, सनमायक्याचे कपटे, वाकडे खिळे. असा मिसळलेला ढीग फुकट दिला तरी कुणी नेत नाही. तोच माल वेगवेगळ्या पोत्यांत भरला, तर बहुतेक पोत्यांना गिऱ्हाईक मिळतं. म्हणून विक्रीची सुरुवात झाडूपासून होते.

आधी वेगळं करा

चार पोती ठेवा: भरीव लाकडाचा बारीक भुसा, ढलप्या, भरीव लाकडाचे तुकडे आणि चौथं प्लाय-एमडीएफचं (एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड). भरीव लाकूड सकाळी कापा, प्लाय दुपारनंतर, आणि मध्ये मशीनखालची जागा नीट झाडून घ्या. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून भुशातून फिरवलं की खिळे-चुका चिकटून वर येतात. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथ्या पोत्याबद्दल मी फार कडक आहे. प्लाय आणि एमडीएफमधल्या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं. तो भुसा गोठ्यात, पोल्ट्रीत, खतात किंवा चुलीत जाता कामा नये. सुरुवातीला मी एका पोल्ट्रीवाल्याला दहा पोती दिली. त्यातल्या दोन पोत्यांत प्लायचा भुसा निघाला आणि त्याने दहाही परत पाठवली. चूक माझीच होती. ते गिऱ्हाईक पुन्हा जोडायला वर्ष गेलं.

कोरडं ठेवा, नाक झाका

ओला भुसा पोत्यात बुरसतो, आणि मोठा ओला ढीग आतून तापतो. ताडपत्रीवर पातळ पसरून ऊन द्या. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर अजून ओल आहे, भुरभुर सुटला तर भरायला हरकत नाही. भरताना एन-९५ मास्क लावा, नुसत्या रुमालाने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरलं आहे.

गिऱ्हाईक जवळचं शोधा

भुसा हलका असतो. टेम्पो भरतो, पण वजन भरत नाही, आणि मिळालेले पैसे भाड्यातच जातात. म्हणून आधी आपल्या आसपासच्या गावांत विचारा.

ढलप्या पोल्ट्रीत आणि गोठ्यात अंथरायला जातात. कोंबड्यांखाली दोन-तीन इंचांचा थर लागतो. तिथे तुमची स्पर्धा भाताच्या तुसाशी आहे, त्यामुळे तूस मिळेनासं झालं की लगेच फोन करा. पिठासारखा बारीक भुसा त्यांना चालत नाही, धूळ उडते.

बारीक भुशाला शहरात खताचं गिऱ्हाईक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर बऱ्याच मोठ्या सोसायट्यांनी खताचे पिट केले. ओल्या कचऱ्यावर कोरड्या भुशाचा थर दिला की पाणी शोषलं जातं आणि वास दबतो. पाच-दहा किलोच्या पिशव्या करून द्या, किलोमागे घाऊकपेक्षा बरा दर मिळतो. मात्र घेणाऱ्याला एक सांगाच: कच्चा भुसा थेट कुंडीच्या मातीत मिसळू नका. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळं पडतं. शेणाबरोबर कुजवूनच वापरायचा.

माल टनात असेल तर ब्रिकेटवाले, म्हणजे पांढरा कोळसा करणारे, घेतात. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन भुसा बांधला जातो, वेगळा डिंक लागत नाही. पण ओल साधारण दहा टक्क्यांच्या आसपास हवी. एकट्याचा माल पुरत नसेल तर चार-पाच वर्कशॉप मिळून गाडी भरा. दिवाळीच्या आधी चाळलेला पांढरट भुसा रंगवून रांगोळीसाठीही विकता येतो.

तुकडे जाळायला शेवटी

सहा इंचांच्या वरचा सागाचा किंवा शिसवीचा तुकडा बाजूला काढा. खुरप्याच्या मुठी, पोळपाटाचे पाय, खुंट्या यांसाठी कातारी, म्हणजे लाकूड कातून वस्तू घडवणारे, घेतात. सावंतवाडीसारख्या लाकडी खेळण्यांच्या गावात तर लहान तुकड्यालाही काम असतं. उरलेलं बंबाला जातं. मुंबईच्या बेकऱ्यांवर मात्र विसंबू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले.

आणि घरी भुशाची शेगडी

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्या, वरचं झाकण कापा. तळाशी एका बाजूला दोन इंचांचं भोक पाडा. भोकातून एक आडवा दांडा मधोमध येईल असा घाला, त्यावर रिकामी बाटली उभी धरा. भोवती भरीव लाकडाचा कोरडा भुसा थराथराने भरून मुठीने गच्च ठोका. ठोकण्यात हयगय केली तर भुसा मध्येच ढासळतो आणि नुसता धूर होतो. मग बाटली गोल फिरवत वर काढा, दांडा हळूच ओढा. आत धुराड्यासारखा बोगदा तयार होतो. डब्याच्या काठावर विटेचे तीन तुकडे ठेवून त्यावर पातेलं बसवा आणि खालच्या भोकातून काडी लावा. आच आतून बाहेर सरकत जाते, नीट ठोकलेली शेगडी काही तास चालते. ती अंगणातच पेटवा, बंद खोलीत कधीही नाही. पूर्ण विझल्यावर उरलेली राख भांड्यांना येते.