जुना कॅमेरा विकायचाय? रोलचा असो वा डिजिटल, त्याची किंमत अशी ओळखा आणि टिकवा

दसऱ्याआधी घर झाडायला काढलं की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत माळ्यावरून दोन कॅमेरे खाली येतात. एक वडिलांचा किंवा काकांचा, रोलचा, चामडी पाकिटातला. दुसरा दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नाआधी हौसेनं घेतलेला डिजिटल, सोबत कॅमेऱ्याबरोबरच येणारी १८-५५ची साधी लेन्स. घरातले धरून चालतात की रोलचा आता भंगारात जाणार आणि डिजिटलचे निम्मे पैसे तरी सुटतील. गेली काही वर्षं मी ओळखीच्यांचे असे कॅमेरे तपासून देतोय, आणि हा हिशेब बहुतेक वेळा उलटा निघतो.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रोलचा कॅमेरा म्हणजे उजेड आत न येणारी एक डबी, एक शटर आणि एक लेन्स. चित्र उमटतं ते रोलवर, आणि रोल दर वेळी नवा असतो. १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम२मध्ये आजचा रोल भरला तर फोटोही आजच्या रोलच्या दर्जाचा येतो. डिजिटलमध्ये मात्र रोलचं काम करणारा सेन्सर आणि त्याचा प्रोसेसर बॉडीतच कायमचे बसलेले असतात. नवं मॉडेल आलं की तुमचा कॅमेरा बिघडलेला नसतानाही मागे पडतो. थोडक्यात, रोलच्या कॅमेऱ्याचा भाव त्याच्या तब्येतीवर ठरतो आणि डिजिटलचा तारखेवर.

एक काळ होता, साधारण २००५ ते २०१२, जेव्हा रोलच्या कॅमेऱ्यांना कुणी विचारत नव्हतं. जगभर लोक ते मिळेल त्या भावाला काढत होते, आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर तरुण मुलं पुन्हा रोलकडे वळली. पण तसे लोखंडी-पितळी कॅमेरे आता जवळजवळ कुणी बनवत नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं ‘पेंटॅक्स १७’ हा रोलचा नवा कॅमेरा आणला, तीच मोठी बातमी झाली. जुने आहेत तेवढेच आहेत, आणि त्यांतले दर वर्षी काही बंद पडतात. म्हणून चांगल्या स्थितीतल्याला भाव आहे. डिजिटलकडे उलट घडलं. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी (कॅननची आरएफ, निकॉनची झेड), आणले, लग्नाचे फोटोग्राफर तिकडे सरकले, आणि डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या घडणीच्या डिजिटल कॅमेऱ्यांचे, भाव घसरत गेले.

पहिलं काम : झाकण उघडू नका

हे सगळ्यांत आधी सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती भरून येत नाही. रोलच्या कॅमेऱ्यात जुना रोल राहिलेला असू शकतो. डावीकडची रोल गुंडाळायची मूठ हळूच बाणाच्या दिशेनं फिरवून बघा. सहज फिरली तर बहुधा आत काही नाही. ताण लागला तर रोल आहे. खालचं छोटं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळा, मूठ एकदम सैल झाली की मगच झाकण उघडा, आणि तो रोल धुवायला पाठवा. त्यावर कोण असेल सांगता येत नाही.

रोलचा कॅमेरा तपासताना

नाव आणि मॉडेल लिहून घ्या. आपल्याकडे जास्त करून यशिका, निकॉन, पेंटॅक्स, कॅनन आणि प्लॅस्टिकचे साधे कॅमेरे सापडतात. प्लॅस्टिकच्या साध्या कॅमेऱ्याला आठवणीपलीकडे फारशी किंमत नाही, तो मुलांना खेळायला द्या. निकॉन एफएम२, पेंटॅक्स के१०००, किंवा जुन्या स्टुडिओंमध्ये दिसायचा तो दोन डोळ्यांचा यशिका मॅट १२४जी निघाला, तर जपून हाताळा.

मग एक प्रश्न विचारा : बॅटरीशिवाय शटर चालतं का? एफएम२ आणि के१००० मध्ये बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, शटर यंत्रावर चालतं. १९७६चा कॅनन एई-१ बॅटरीशिवाय हलत नाही. यंत्रावर चालणारा कॅमेरा दुरुस्त होतो, म्हणून त्याचा भाव जास्त भरवशाचा. खिशात मावणारे ऑटोमॅटिक रोल कॅमेरे सध्या महाग विकले जातात खरे, पण त्यांचं सर्किट गेलं की सुटे भाग मिळत नाहीत. असा कॅमेरा चालू असेल तर विकायला उशीर करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीचं झाकण उघडून हिरवट-पांढरा थर आहे का बघा. असला तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि कोरडं करा. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो सडलाय. तिथून उजेड शिरतो आणि फोटोवर पट्टे येतात. फोम बदलणं स्वस्त आहे, घाबरू नका, पण विकताना सांगा.

शटरची परीक्षा मोबाइलवर होते. मागचं झाकण उघडं ठेवा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. शटर १/३० सेकंदावर असेल तर साधारण ८ फ्रेममध्ये ते उघडं दिसायला हवं, १/६० वर ४ मध्ये. ८च्या जागी १४-१५ दिसल्या तर आतलं वंगण घट्ट झालंय. १/१२५च्या पुढे मोबाइलचा भरवसा धरू नका. शटरच्या पातळ पट्ट्यांना मात्र बोट लावायचं नाही, काहीही झालं तरी.

यानंतर एक रोल काढा. मी माझे रोल कुरिअरनं मुंबईला पाठवून धुवून घेतो, त्यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात. तरी ते वसूल होतात, कारण ‘चालू आहे’ या शब्दापेक्षा ताज्या निगेटिव्हची पट्टी गिऱ्हाइकाला जास्त पटते.

साफसफाईच्या नावाखाली कॅमेरा कुणालाही उघडू देऊ नका. मामांचा एफएम२ मी एकदा एका दुकानात नुसता पुसायला दिला होता. परत आला तेव्हा वरच्या पत्र्याच्या दोन स्क्रूंची डोकी झिजलेली होती. आत काहीच बिघडलं नव्हतं, पण जाणकार माणूस पहिल्यांदा स्क्रूच बघतो आणि कॅमेरा उघडला गेलाय हे ओळखतो. तेवढ्यानं भाव पडतो. मला अजून त्याची हळहळ आहे.

डिजिटल तपासताना

इथे पहिला आकडा शटर काउंटचा, म्हणजे आजवर किती वेळा शटर उडालं त्याचा. निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच लिहिला जातो. कार्डावरून थेट घेतलेली मूळ फाइल शटर काउंट दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाकली की आकडा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला मूळ फाइल द्या आणि स्वतः घेत असाल तर मूळ फाइलच मागा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं.

आकडा कशाशी ताडायचा? निकॉन डी७५०चं शटर कंपनीनं १,५०,००० वेळांसाठी तपासलेलं आहे, डी८५०चं २,००,००० साठी. लग्नाचा फोटोग्राफर दिवसाला २,००० फोटो काढत असेल तर ७५ लग्नांत दीड लाख पुरे होतात. म्हणून व्यावसायिकाची तीन वर्षांची बॉडी आणि घरातली दहा वर्षांची बॉडी यांत झीज घरातलीची कमी असू शकते. तारीख मात्र तिच्या विरुद्ध असते, आणि डिजिटलमध्ये शेवटी तारीख जिंकते.

सेन्सर बघायला एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, काळे ठिपके म्हणजे धूळ. रबराची पकड सुटलीय का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, हेही बघा. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बटणांच्या कडेला रंग बसलेला असतो आणि तो घेणाऱ्याला लगेच दिसतो. तिथे फोटो काढायला जरूर जा, पण बॉडीला प्लॅस्टिकचं आवरण घालून.

डिजिटलच्या घसरणीला अपवादही आहेत. फुजीचा एक्स१००व्ही २०२२च्या सुमारास इतका मागणीत आला की वापरलेला कॅमेरा नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग जात होता. शिवाय २००५-१० मधले छोटे खिशातले डिजिटल कॅमेरे तरुण मुलं आता त्यांच्या रंगांसाठी शोधतात. तुमच्याकडे तसा असेल तर चार्जर आणि कार्ड शोधून ठेवा. काही ऑलिंपस आणि फुजी मॉडेलांना लागणारी एक्सडी कार्डं आता बनत नाहीत, त्यामुळे कार्ड सोबत असलेला कॅमेराच विकला जातो.

खरा पैसा लेन्समध्ये

बॉडीपेक्षा लेन्स किंमत जास्त टिकवते. १८-५५ मात्र धरू नका, ती घरोघरी आहे. ५० एमएम एफ/१.८ला गिऱ्हाईक कायम असतं.

लेन्सचा भाव ती नव्या बॉडीवर चालते का यावरही ठरतो. कॅननची ईएफ लेन्स, जी १९८७ पासून आली, अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते, त्यामुळे तिला धुगधुगी आहे. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. झेड बॉडीवर निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरनं ती बसते पण फोकस हातानं करावा लागतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवरही तेच. विकताना हे लिहा, नाहीतर गिऱ्हाईक घरी जाऊन परत येईल. निकॉन १, सॅमसंग एनएक्स आणि कॅनन ईएफ-एम हे माउंट कंपन्यांनीच सोडून दिलेत, त्यांच्या लेन्स मिळेल त्या वाजवी भावाला द्या.

लेन्स तपासायची तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे धागे म्हणजे बुरशी. आपल्याकडे किंमत खाणारा शत्रू हाच. नाशिकची हवा आठ महिने कोरडी असते, पण जून ते सप्टेंबर लाकडी कपाटात ठेवलेली लेन्स ओल धरते. इगतपुरी-त्र्यंबकला भिजून आलेली बॅग तशीच बंद केली तर आणखी लवकर. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी तो लेप परत येत नाही.

त्यासाठी काय करायचं : चामडी पाकीट लगेच बाजूला काढा, ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. बरीच सामग्री असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा बाहेर काढून शटर सगळ्या स्पीडवर चालवा. बॅटऱ्या मात्र काढूनच ठेवा.

भाव कसा काढायचा

जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचीच यादी दाखवायची सोय आहे, तिथून अंदाज घ्या. पण परदेशातला आकडा रुपयांत करून तोच इथे मागू नका. त्यात तिथल्या विक्रेत्याची हमी धरलेली असते, जी तुम्ही देणार नसता. मग आपल्याकडच्या जाहिराती दोन-तीन आठवडे बघा. जी जाहिरात महिनाभर तशीच आहे तिचा भाव चढा आहे.

ठेवायचा की विकायचा, यासाठी मी वर्षाचा खर्च मांडतो. समजा डिजिटल बॉडी ४०,००० ला घेतली आणि पाच वर्षांनी १२,००० ला गेली, तर वापराचे वर्षाला ५,६०० पडले. रोलचा कॅमेरा १५,००० ला घेऊन तितक्यालाच गेला तर कॅमेरा फुकट पडला, पण पाच वर्षांचे रोल आणि धुलाई धरा. महिन्याला एक रोल काढणाऱ्याचा खर्च डिजिटलच्या पुढे जातो. म्हणून पुढे पैसे येतील या आशेनं कुणी रोलचा कॅमेरा घेऊ नये. फोटो काढायला घ्यावा.

केव्हा आणि कुणाला

डिजिटल विकायचं ठरलं असेल तर पुढच्या मॉडेलची बातमी यायच्या आत विका. नाशिकमध्ये याला हंगामही आहे. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळी पाहुणे पक्षी येऊ लागतात तेव्हा लांब टेलिझूमची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सची, विचारपूस सुरू होते, तिची जाहिरात ऑक्टोबरात द्या. लग्नाच्या कामाची बॉडी तुळशीच्या लग्नाआधी. पितृपक्षात जाहिरात देऊ नका, बरेच जण त्या पंधरवड्यात खरेदी टाळतात. २०२७च्या सिंहस्थासाठीही लोक कॅमेरे शोधतील, तेव्हा चांगली डीएसएलआर आज अगदी पडेल भावाला देण्याची घाई नको.

जाहिरातीत बिल, खोका, चार्जर आणि सीरियल नंबरचा फोटो ठेवा, आणि दोष आपणहून दाखवा. भेट दिवसाउजेडी, कॉलेज रोडवरच्या एखाद्या गजबजलेल्या हॉटेलात. ‘मी लष्करात आहे, देवळालीहून बोलतोय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन केलात की पैसे येतील’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. देताना कार्ड काढून घ्या, कॅमेरा मूळ सेटिंगवर आणा, आणि एका कागदावर सीरियल नंबर, तारीख, रक्कम लिहून दोघांच्या सह्या करा.