‘येण्यापूर्वी’ म्हणता येतं, तर ‘बिफोर कमिंग’ही येईल

ठाणे पूर्वेला कोपरीत, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला इंग्रजीचा वर्ग भरतो. येणारे सगळे नोकरदार. कुणी ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीहून उतरून थेट येतं, रिकामा डबा बॅगेत खुळखुळत असतो. एक नर्स रात्रपाळी असली की अर्धा तासच बसते आणि निघते. या लोकांना इंग्रजी येत नाही असं अजिबात नाही. काळ पाठ असतात, शब्दही पुष्कळ माहीत असतात. अडतात ते दोनच जागी. क्रियापदानंतर ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘ऑन’ यांतलं काय घालायचं, आणि त्याच्या पुढच्या क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं की नाही. या दोन जागांवरून पार कसं व्हायचं, तेवढंच इथे सांगते.

मीही इथेच अडले होते. १९९७ साली तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पत्रं टाइप करायचे. थकलेल्या बिलाच्या एका पत्रात मी शेवटी लिहिलं, ‘वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह युवर पेमेंट.’ साहेबांनी ‘रिसीव्ह’भोवती लाल गोल केला आणि वर ‘रिसीव्हिंग’ लिहिलं. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, ‘तसंच असतं.’ पत्र पुन्हा टाइप केलं, पण ते उत्तर मला तेव्हाही पटलं नाही. ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत शिकवलं होतं. मग इथेच काय झालं?

उत्तर मिळालं ते फार नंतर, आणि मराठीच्या पुस्तकातून. मुलीचा मराठी व्याकरणाचा अभ्यास घेत होते. धडा होता सामान्यरूपाचा. शब्दाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी त्याच्या रूपात बदल होतो, ते सामान्यरूप. ‘घोडा’ला ‘ला’ लावला की ‘घोडाला’ होत नाही, ‘घोड्याला’ होतं. पुढची ओळ क्रियापदाची होती: येणे, पूर्वी, येण्यापूर्वी. ‘येणेपूर्वी’ म्हटलं तर चार वर्षांचं पोरही हसेल. ती ओळ वाचताना मला लाल गोलातलं ते ‘रिसीव्हिंग’ आठवलं. इंग्रजीतही हेच चालू होतं. आपल्याकडे अव्यय शब्दाच्या शेवटी चिकटतं, त्यांच्याकडे शब्दाच्या आधी येऊन बसतं, आणि दोन्हीकडे त्याच्या शेजारचं क्रियापद आपलं रूप बदलतं. आपण ‘ण्या’, ‘ल्या’ किंवा ‘च्या’ करतो, ते ‘आयएनजी’ लावतात.

जोड्या मोठ्याने म्हणून बघा. येण्यापूर्वी, ‘बिफोर कमिंग’. आल्याबद्दल आभार, ‘थँक यू फॉर कमिंग’. उशीर झाल्याबद्दल माफी, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. बसने जाण्याऐवजी, ‘इन्स्टेड ऑफ गोइंग बाय बस’. पडायची भीती, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. नोकरी सोडण्याचा विचार, ‘थिंकिंग ऑफ लीव्हिंग द जॉब’. शिकवण्यात हुशार, ‘गुड ॲट टीचिंग’.

म्हणजे नियम एका ओळीत मावतो: इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या लगेच आधी प्रिपोझिशन, म्हणजे ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘बिफोर’ असं अव्यय असेल, तर त्या क्रियापदाला ‘आयएनजी’. या रूपाला व्याकरणात जेरंड म्हणतात. ‘येणं’ जसं क्रियापदापासून बनलेलं नाम, तसंच ‘कमिंग’ हे नाम. आणि प्रिपोझिशनच्या पुढे नामच बसतं, म्हणून ही सगळी तजवीज.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण वर्गात हुशार मुलंही इथे घसरतात. नियम इंग्रजी वाक्याकडे बघून लावायचा, मराठीकडे बघून नाही. मराठीत ‘ण्या’ दिसला की ‘आयएनजी’ लावलं, असं केलंत तर फसाल. ‘मी इंग्रजी शिकण्यासाठी आलो’ याचं ‘आय केम फॉर लर्निंग इंग्लिश’ होत नाही. ‘आय केम टू लर्न इंग्लिश’ होतं. माणूस कुठल्या हेतूने काही करतो हे सांगताना इंग्रजीत ‘टू’ आणि मूळ क्रियापद. वस्तू कशासाठी वापरतात हे सांगताना मात्र ‘फॉर’ आणि ‘आयएनजी’ चालतं: ही सुरी मासे कापायची, ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग फिश’. तसंच ‘बोलण्याची परवानगी’ म्हणजे ‘परमिशन टू स्पीक’. उलट ‘न विचारता’ यात ‘ण्या’ कुठेच नाही, पण इंग्रजीत ‘विदाऊट’ हे प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘विदाऊट आस्किंग’. मराठी तुम्हाला हे असं का होतं ते समजावते. लिहिताना डोळा मात्र इंग्रजी शब्दावरच ठेवायचा.

आता ‘टू’. सगळ्यात जास्त वेळ मी यालाच देते, कारण ‘टू’ दोन आहेत आणि दिसायला एकसारखे. एक ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाला जोडून येतो: ‘वॉन्ट टू गो’, ‘हॅव टू गो’. दुसरा खराखुरा प्रिपोझिशन आहे, ‘ठाण्याला’मधल्या ‘ला’सारखा. ओळखायचा कसा? ‘टू’नंतरचं सगळं झाका आणि तिथे ‘दॅट’ ठेवा. ‘आय वॉन्ट टू दॅट’? कानाला खटकतं. म्हणजे हा पहिला ‘टू’, पुढे मूळ क्रियापद. ‘आय लुक फॉरवर्ड टू दॅट’? अगदी नीट बसतं. म्हणजे हा दुसरा ‘टू’, पुढे ‘आयएनजी’.

गेल्या महिन्यात ऐरोलीत कस्टमर सपोर्टला असलेल्या एका मुलाने फोन माझ्यासमोर धरला. बाहेरदेशीच्या ग्राहकाला जायची मेल होती, पाठवायची बाकी. शेवटची ओळ, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ मी काही बोलले नाही, ‘हिअर’वर फक्त बोट ठेवलं. तो पुटपुटला, ‘टू दॅट... टू दॅट बसतंय, मॅडम.’ मग अंगठ्याने ‘हिअर’च्या शेवटी तीन अक्षरं जोडली आणि मेल पाठवून दिली. माझ्या त्या पत्रातलीच ती चूक होती, पण या मुलाला कारण माहीत होतं.

याच चाळणीतून ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘ॲडिक्टेड टू’, ‘इन ॲडिशन टू’ घालून बघा. सगळ्यांपुढे ‘दॅट’ बसतं, म्हणून सगळ्यांपुढे ‘आयएनजी’.

‘यूज्ड टू’ने मात्र भलेभले गोंधळतात. ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मी पाचला उठायचे, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मला पाचला उठायची सवय आहे. मराठीत ‘उठायचे’ आणि ‘उठायची सवय’ यांत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजी बोलताना मनात आधी हे मराठी वाक्य येऊ द्या. ‘सवय’ शब्द आला की ‘ॲम’ किंवा ‘इज’ हवं, आणि पुढे ‘आयएनजी’.

क्रियापदापुढे कुठलं प्रिपोझिशन लावायचं, हा प्रश्न वेगळा. इथे मराठी मदत करते तशी खड्ड्यातही घालते. आपण ‘त्या विषयाबद्दल चर्चा करू’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘लेट अस डिस्कस अबाउट इट’ येतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘डिस्कस इट’, संपलं. ‘कुणाशी लग्न’मधला ‘शी’ आपल्याकडून ‘मॅरी विथ’ म्हणवून घेतो, तिथेही नुसतं ‘मॅरी’. ‘रिक्वेस्ट’ नाम असताना ‘फॉर’ घेतं, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. क्रियापद असताना घेत नाही, ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’. ‘डिस्कशन’चंही तसंच: नामापुढे ‘अबाउट’ चालतं, क्रियापदापुढे नाही. ‘एक्स्प्लेन मी’ तर रोज ऐकू येतं. तिथे हवं ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

याची उलट बाजूही आहे. आपण गाणी ऐकतो, त्याला कसलाच प्रत्यय लागत नाही, पण ‘लिसन’ला ‘टू’ लागतोच. आपण कुणाला हसतो, ते ‘लाफ ॲट’. आपण कुणाची वाट बघतो, ते ‘वेट फॉर’.

यामागे नियम शोधत बसू नका. ‘कुणावर रागावणे’ पण ‘कुणाला घाबरणे’, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. शब्द कानावर पडला तोच शेपटासकट पडला. इंग्रजीचंही तसंच करायचं. वहीत ‘डिपेंड’ लिहायचंच नाही, ‘डिपेंड ऑन’ लिहायचं आणि एका दमात म्हणायचं. शक्य तिथे पुढे जेरंडही जोडा: ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘सक्सीड इन गेटिंग’, ‘अपॉलोजाइज फॉर शाउटिंग’, ‘प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग’.

आणि शब्दकोश वापरा, पण शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात कसा बसवायचा ते कळत नाही, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला. कुठल्या क्रियापदापुढे काय येतं, हे त्यात साच्यांनी दाखवलं होतं. शिकणाऱ्यांसाठीचे आजचे कोश त्याच वाटेने जातात. क्रियापद उघडलं की अर्थावर न थांबता खाली बघा, ‘टू डू समथिंग’ लिहिलंय की ‘डूइंग समथिंग’. तुमचं उत्तर तिथेच असतं.

प्रिपोझिशन नसतानाही काही क्रियापदांना पुढे ‘आयएनजी’च हवं असतं. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘माइंड’, ‘सजेस्ट’ आणि चालू ठेवणे या अर्थाचं ‘कीप’. ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘होप’, ‘रिफ्यूज’, ‘मॅनेज’ यांना ‘टू’. ही यादी पाठ करावी लागते, त्याला इलाज नाही.

खरी गंमत आहे ती दोन्ही रूपं घेणाऱ्या क्रियापदांत, कारण तिथे रूप बदललं की अर्थच बदलतो. आमची नर्स ‘ओईटी’ची तयारी करते. परदेशी नोकरीसाठी नर्स आणि डॉक्टर देतात ती इंग्रजीची परीक्षा. सरावात ती म्हणाली, ‘द पेशंट स्टॉप्ड टू ईट.’ तिला म्हणायचं होतं, पेशंटने खाणं सोडलंय. वाक्याचा अर्थ झाला, पेशंट खायला थांबला. मी तिला मामलेदारच्या मिसळीचं उदाहरण दिलं. ‘वी स्टॉप्ड टू ईट मिसळ’, आम्ही मिसळ खायला थांबलो. ‘वी स्टॉप्ड ईटिंग मिसळ’, आम्ही मिसळ खायचं सोडलं. तिने वही पुढे ओढली आणि लिहिलं, ‘द पेशंट हॅज स्टॉप्ड ईटिंग’. त्याखाली दोन रेघा मारल्या.

‘रिमेंबर’ही तिच्या कामात तितकंच मोलाचं. ‘रिमेंबर टू गिव्ह द इंजेक्शन’, इंजेक्शन द्यायचं लक्षात ठेव, म्हणजे अजून दिलेलं नाही. ‘आय रिमेंबर गिव्हिंग द इंजेक्शन’, दिल्याचं मला आठवतं, म्हणजे देऊन झालंय. मराठीत ‘द्यायचं’ आणि ‘दिल्याचं’. करायचं आहे तिथे ‘टू’, केलेलं आहे तिथे ‘आयएनजी’. ‘फरगेट’लाही हेच लागू.

‘पिक अप’, ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ अशा जोडक्रियापदांबद्दल इथे दोनच गोष्टी. ‘मी’, ‘हिम’, ‘इट’ असे छोटे शब्द यांच्या मध्ये बसतात: ‘पिक मी अप’ म्हणा, ‘पिक अप मी’ नाही. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही, ‘लुक आफ्टर हिम’च. आणि यांच्या पुढे क्रियापद आलं तर बहुधा ‘आयएनजी’: ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘पुट ऑफ गोइंग’.

सरावाला वेगळा वेळ काढायची गरज नाही. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडलीत की पुढे आठ स्टेशनं आहेत. गाडी थांबली की एक प्रिपोझिशन घ्या आणि समोर दिसेल त्यावर वाक्य करा. दिघा गावला ‘ऑफ’, ऐरोलीला ‘इन’, रबाळ्याला ‘ऑन’, घणसोलीला ‘फॉर’, कोपरखैरण्याला ‘फ्रॉम’, तुर्भ्याला दुसरा ‘टू’, सानपाड्याला ‘विदाऊट’. ओठ हलले पाहिजेत, नुसतं मनात म्हणून जीभ वळत नाही. वाशीला ‘बिफोर’ उरतो. आपल्याकडे ‘गेट डाउन’ सर्रास चालतं, पण गाडीतून उतरण्याला बाहेरचे लोक ‘गेट ऑफ’ म्हणतात, तेव्हा दाराकडे सरकताना म्हणा, ‘बिफोर गेटिंग ऑफ, आय चेक माय बॅग’. आणि बॅग खरंच बघा.