मे महिन्यात ताडोबातले फोटो मऊ (कडा धूसर) येत होते, त्याचं कारण

६०० मिमी लेन्स, १/२००० सेकंद शटर, तरी ८० मीटरवरचा वाघ मऊच. लेन्सवर संशय घेण्याआधी सलग १० फ्रेम घेऊन मोठ्या करून पाहिल्या: प्रत्येकीत पट्टे वेगळे वाकलेले. फोकस चुकला असता तर सगळ्या सारख्याच मऊ आल्या असत्या. म्हणजे दोष तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा. शटरचा वेग वाढवून तो जात नाही; शार्पनिंगने (नंतर संगणकावर कडा ठळक करून) तर आणखी भेसूर दिसतो.

आता लांबचे फोटो सकाळच्या पहिल्या तासातच. ऊन चढलं की वाघ स्वतःहून २५-३० मीटरवर आला तरच बटण दाबायचं. जिप्सीचं इंजिन बंद, आणि बॉनेटवरून कॅमेऱ्याचा नेम नाही. तिथली हवा रस्त्याहून वाईट. वाघ सावलीत असून भागत नाही, मधली जमीनही सावलीत हवी.