निवृत्तीनंतर परदेशी निघालात? शेंगाचटणी अशी न्या

मुलांकडे कायमचं राहायला गेलं, की सकाळच्या चहानंतर कडक भाकरीवर सोलापुरी चटणी हे सुख तिथंही मिळतं. फक्त चटणी टिकली पाहिजे. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोला. लसणाच्या १०-१२ पाकळ्या कोरड्याच परता, कारण ओल्या लसणानं चटणी लवकर बिघडते. तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सर असेल तर थांबत-थांबत फिरवा, नाहीतर तापून दाण्यांचं तेल सुटतं आणि गोळा होतो. पूर्ण गार झाल्यावरच भरा. तिथं पोचल्यावर फ्रीझरमध्ये, वापरापुरती बाहेर. भाकरी मात्र पत्र्याच्या डब्यात, पिशवीत चुराच होतो! ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याचे जिन्नस तिथं उतरताना भरायच्या प्रवासी फॉर्मवर न विसरता लिहा. लपवल्यास दंड होतो.