ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली मेमरी : कशी पाहावी आणि कधी बदलावी

लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घरी आणल्यावर वापरण्याजोगी मेमरी त्याहून कमी दिसली, तर दुकानदाराने फसवले असे लगेच समजू नये. ज्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, त्यात प्रोसेसरमधील ग्राफिक्स भागाला मुख्य रॅममधूनच जागा द्यावी लागते, आणि त्या जागेचा एक सलग तुकडा ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्यापूर्वीच बायॉस (संगणक चालू करताच सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बाजूला काढून ठेवतो. स्क्रीनवर पहिले चित्र उमटण्यासाठी ही तजवीज आवश्यक असते.

त्यानंतर बायॉस ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीचा नकाशा देतो. त्यात कोणता भाग वापरायला मोकळा आणि कोणता राखीव, हे नोंदलेले असते. मात्र इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी काढलेला तुकडा या नकाशात राखीव म्हणूनही नसतो आणि रॅम म्हणूनही नसतो. ती जागा रिकामी समजून दुसऱ्या एखाद्या उपकरणाला दिली जाण्याचा धोका असल्यामुळे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच चिपसेटच्या रजिस्टरमधून (हार्डवेअरमधील छोट्या नोंद-जागेतून) तुकड्याचा पत्ता व आकार वाचतो आणि तो स्वतःहून राखीव ठरवतो. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधील मेमरी या भागात ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आकडा पाहावा. त्यात इतर उपकरणांचा वाटाही असतो, म्हणून तो सगळा ग्राफिक्सच्या नावे मांडू नये. लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकाराने कर्नलच्या सुरुवातीच्या नोंदी वाचाव्यात : इंटेलच्या यंत्रात ‘रिझर्व्हिंग इंटेल ग्राफिक्स मेमरी’ अशा अर्थाची ओळ सापडते, तर एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या यंत्रात ड्रायव्हर (ग्राफिक्स भाग चालवणारा प्रोग्राम) ‘व्हीरॅम’ आणि ‘जीटीटी’ असे दोन आकडे देतो. पहिला आकडा राखीव तुकड्याचा, तर दुसरा गरजेनुसार साध्या रॅममधून घेता येणाऱ्या जागेच्या मर्यादेचा असतो.

तुकड्याचा आकार बदलायचा असल्यास संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जावे. इंटेलच्या यंत्रांत ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ अशा नावाचा पर्याय असतो. अनेक लॅपटॉपमध्ये तो दाखवलेलाच नसतो. बदल करण्यापूर्वी आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

माझे स्पष्ट मत असे, की इंटेलच्या बाबतीत हा आकडा सहसा हलवू नये. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या एका चित्राला, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तरी, सुमारे ८ एमबी पुरतात आणि पुढची गरज ड्रायव्हर संगणक चालू असतानाच साध्या रॅममधून भागवतो. एएमडीच्या यंत्रावर एखादा गेम ठरावीक व्हीरॅम असल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर तेवढ्यापुरता आकडा वाढवावा. पण ८ जीबीच्या संगणकात २ जीबीच्या पुढे जाऊ नये, कारण बाकीची कामे तेवढ्या रॅमला कायमची मुकतात. ग्राफिक्स संथ वाटत असेल आणि यंत्रात एकच रॅमची पट्टी असेल, तर दुसऱ्या स्लॉटमध्ये जुळणारी पट्टी बसवणे जास्त उपयोगी, कारण दोन मार्गांनी मेमरी वाचता येऊन वेग वाढतो.

बदल जतन करून संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तेच आकडे पुन्हा पाहावेत आणि त्यांत फरक पडला नसेल, तर बायॉसने नवा पर्याय स्वीकारलेला नाही असे समजावे.